नवलचा निरोप

युवराजच्या अंगावर लोखंड नावालाही सापडायचं नाही. पट्टा नाही, चेन नाही, पायजम्याला नाडी, चष्म्याच्या काड्या प्लास्टिकच्या. पायातल्या रबरी चपलेचा अंगठा तुटला तर सगळं जग सेफ्टी पिन लावून भागवतं, हा बाबा सुतळीनं बांधायचा. शिंदखेड्यात पोरंटोरं त्याला बिनलोखंड्या म्हणायची. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की न्हावी विचारायचा, भाऊ, वस्तरा चालेल ना, का बांबूची काडी आणू? युवराज हसून सोडून द्यायचा. मनातून त्याला आपल्या कामाचा गर्व होता, आणि गर्व असलेल्या माणसाला चेष्टा लागत नाही. त्याच गर्वानं पुढे त्याचं वाटोळं केलं, ते ओघानं येईलच.

तो मूळचा गवंडी. गावाबाहेरच्या बरडावर जळगावच्या एका संशोधन केंद्रानं एक खोली बांधायला काढली, तेव्हा हा मजुरीवर गेला होता. बांधकाम मोठं अजब. सळई नको, खिळे पितळेचे, कड्या तांब्याच्या. आपल्याकडचा काळा दगड नको, कारण त्यात लोखंडाचा अंश असतो, म्हणून पांढरा दगड ट्रकनं बाहेरून आणलेला. बाकीचे गवंडी नजर चुकवून एखादा लोखंडी खिळा ठोकून द्यायचे. कोण बघतंय, म्हणायचे. युवराज तो उपटून काढायचा. केंद्रातल्या टेंबेकर सरांनी ते एकदा पाहिलं, आणि खोली उभी राहिल्यावर युवराजलाच राखणीला ठेवून घेतलं. राखण करता करता त्याला यंत्रावर बसवलं. दहावी नापास माणूस पितळी दुर्बिणीला डोळा लावून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला लागला. आई लिलाबाई सगळ्या भीमनगरात सांगत फिरायची की माझं लेकरू सायंटिस्ट झालं. आता सायंटिस्ट कुठला, पण माउलीच्या तोंडाला कोण हात लावणार?

काम काय होतं, ते सांगतो. होकायंत्राची सुई उत्तरेकडे बघते हे आपल्याला शाळेत शिकवलंय. ती दिवसभर हलते हे कोणी सांगत नाही. सूर्य वरच्या हवेला तापवतो, तिथे विजेचे प्रवाह वाहतात, आणि त्यांच्या ओढीनं सुई सकाळी जराशी पूर्वेला सरकते, दुपारी पश्चिमेला, संध्याकाळी गपगुमान जागेवर. इतकी जराशी की डोळ्यांना दिसायची नाही. रोज हेच. ज्या दिवशी सूर्यावर वादळ नसतं त्या दिवशी हे हलणं अगदी स्वच्छ उमटतं, त्याला म्हणायचं शांत दिवस. महिन्यातले सगळ्यात शांत असे पाच दिवस निवडायचे, आणि त्यांवरून त्या महिन्याचा नमुना बांधायचा, की या जागी या महिन्यात या वेळेला सुई इथेच असायला हवी. सर सांगायचे, घरातलं माणूस रोज कसं वागतं हे पक्कं ठाऊक असेल तरच त्याला ताप कधी चढला ते कळतं. सरांना खानदेशच्या जमिनीचं हे रोजचं वागणं गणितात बसवायचं होतं. अकरा महिने बसले होते. मार्च बसत नव्हता. एका मार्चला शेजारी कोणी बोअर पाडायला मशीन आणलं, दुसऱ्या मार्चला यंत्रच बिघडलं. सर मार्चचं नाव निघालं की दात खायचे.

युवराजचं त्यातलं काम दोन तऱ्हेचं. शांत दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोलीत बसून हातानं मोजमाप घ्यायचं. खोलीत जाताना मोबाइल, किल्ल्या, सगळं फाटकाजवळच्या ऑफिसात बंद करून ठेवायचं. दुसरं काम नंतरचं. कुंपणालगत जमिनीत पुरलेलं एक यंत्र होतं, ते आपलं आपण रेषा काढत राहायचं. जागा कमी म्हणून ते फाटकापासून फार लांब नेता आलं नव्हतं, हे त्या जागेचं जुनं दुखणं. कुंपणाजवळ काहीही आलं की रेषेवर उंचवटा उठायचा. ते उंचवटे ओळखून पुसायचे, म्हणजे मागे उरेल ती फक्त पृथ्वीची रेषा. बैलगाडी सावकाश चढून सावकाश उतरते. ट्रॅक्टर डोंगर करतो. मोटारसायकल आली की रेषा टुणकन उडी मारते, गाडी उभी आहे तोवर वर सपाट राहते, गाडी गेली की टुणकन खाली. युवराजला हे तोंडपाठ झालं होतं.

आता नवल. नवल हा लिलाबाईच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे युवराजचा मावसभाऊ. लिलाबाईनंच त्याला युवराजबरोबर एका ताटात जेवू घालून वाढवला. आणि हा नवल म्हणजे थापांचा कारखाना. शिंदखेड्याच्या स्टँडवर बिबट्या तिकिटाच्या रांगेत उभा होता, हे त्यानं शपथेवर सांगितलेलं. सुरतेला एका शेठनं त्याला जावई करून घ्यायचं म्हणून कोंडून ठेवलं होतं, हेही त्याचंच. लोक पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही. पण एक सांगतो, त्याच्या थापांनी कोणाचा छदाम बुडाला नाही की कोणाचं घर फुटलं नाही. उलट भीमनगरात कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, कोणाच्या लेकीकडे निरोप धाडायचा असो, नवल आणि त्याची खटारा मोटारसायकल हजर. चहा पाजला तरी पुष्कळ.

तो मार्च आला तेव्हा लिलाबाई अंथरुणाला खिळली होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, आणि याचा अर्थ काय ते घरातल्या सगळ्यांना कळत होतं. युवराजनं सुट्टी मागितली. सरांनी त्याला चहा दिला, शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, सूर्य चार दिवसांपासून गप्प आहे, परवा वादळाचा अंदाज आहे, चार दिवस मिळाले, पाचव्यासाठी हातात उद्याचाच आहे. उद्याचा शांत दिवस दे, मग महिनाभर येऊ नकोस. तू माझा उजवा हात आहेस, युवराज. मोठ्या माणसानं खांद्यावर हात ठेवला की आपल्यातला लहान माणूस विरघळतो. युवराज विरघळला. सकाळी निघताना आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, संध्याकाळी येतो, माय. तिनं त्याचा हात धरून ठेवला. त्यानं बोटं सोडवून घेतली. बायको सविता दारात उभी राहून बघत होती.

दिवस खरोखर शांत निघाला. खोलीत बसून युवराज मोजत राहिला. सुई पूर्वेला गेली, दुपारी पश्चिमेला वळली, आणि इतकी सुरेख की त्याला घर, आई, सगळ्याचा विसर पडला. विसर पडला, हो. उगाच कशाला लपवा? बाहेर बरडावर वारा भणाणत होता. संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा सर फाटकाजवळच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसले होते. हा आनंदानं म्हणाला, "सर, असा शांत दिवस मी पाहिला नव्हता." सरांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली आणि म्हणाले, घरी जा आता, लवकर जा. त्यानं मोबाइल सुरू केला. सविताचा मेसेज होता. माय शांत झाली.

हा मेला शांत शब्द. दिवसभर ज्या शब्दासाठी तो डोळा फोडत बसला तोच शब्द त्याच्या हातात असा येऊन पडला. पहिल्यांदा त्याला अर्थच लागला नाही. कण्हणं थांबलं असेल, झोप लागली असेल, असं वाटलं. मग तो धावत सुटला.

घरी लोक जमले होते. बाहेर तिरडी तयार होती, उन्हाचे दिवस म्हणून थांबायची कोणाची तयारी नव्हती. युवराजची थोरली बहीण बेबाबाई उंबऱ्यात बसली होती. त्याला बघून ती रडली नाही. म्हणाली, "आते काबरं वना?" आता कशाला आलास?

तो म्हणाला, मला कोणी कळवलंच नाही. तेव्हा बायकांमधून कुजबुज उठली, आणि नवल पुढे आला. डोळे सुजलेले, गुडघ्यांना माती. तो म्हणाला, "मी वनू व्हतू, दादा. दोनदा वनू व्हतू. सायेब सोता तुन्हा खोलीकडे गयात, मी मन्हा डोयाघाई देखं. तू म्हने सांगं, काम उरकीसन येस."

मी दोनदा आलो होतो, साहेब स्वतः तुझ्या खोलीकडे गेले, तू काम उरकून येतो म्हणालास. दिवसभरात युवराजच्या खोलीचं दार कोणी वाजवलं नव्हतं. तो कोणाला काही म्हणाला नव्हता. हे जगात दुसऱ्या कोणाला नाही तरी त्याला स्वतःला पक्कं माहीत होतं. मग नवल हे काय बोलतोय? सगळ्या गावादेखत, आईच्या मढ्यासमोर, हा आपल्याला आईला टाकणारा मुलगा ठरवतोय? त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली की नवल खोटं बोलतोय. आणि ज्या माणसाचं एक वाक्य खोटं निघालं, त्याची बाकीची कशाला खरी धरायची? गेलाच नसेल बरडावर. बसला असेल कुठेतरी टपरीवर, आणि आता अंगाशी आल्यावर थाप.

नवल सांगत होता की मावशीनं मला जवळ ओढलं, कानात निरोप दिला, तो घेऊन मी दुसऱ्यांदा आलो. हे बायकांनीही पाहिलं होतं. म्हातारीनं नवलचं डोकं धरून तोंड त्याच्या कानाशी नेलं होतं, बरंच काही पुटपुटली होती. काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नव्हतं. नवल म्हणाला, दादा, निरोप सांगतो, बाजूला चल.

युवराज म्हणाला, "तुझ्या तोंडून माझ्या आईचा शब्द नको."

अंत्यविधी झाला. रात्री फोनवर त्यानं सरांना विचारलं. सर म्हणाले, अरे, कोणी आलं असतं तर मी तुला अडवलं असतं का? झालं. युवराजला तेच हवं होतं. त्यात त्याची सुटका होती ना! आईची शेवटची भेट चुकली याचा दोष ना त्याच्यावर, ना त्याच्या देवमाणसासारख्या सरांवर. तो सगळा एका थापाड्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येत होतं, आणि थापाड्याचं डोकं त्यासाठी कसं आयतंच होतं.

पुढे आईच्या जलदान विधीच्या दिवशी सर स्वतः आले. पांढरे कपडे, हातात हार. वंदना झाली. मग माईकवरून चार माणसं लिलाबाईबद्दल चांगलं बोलली, सरही बोलले, की अशा माउलीच्या पोटी असा कर्तव्यदक्ष मुलगा जन्मला. ते खाली बसतायत तोच नवल मांडवाच्या कडेला उभा राहिला. नेहमीचा नवल नव्हे तो. हात जोडले होते त्यानं. म्हणाला, "सर, मी वनू व्हतू का नही, सांगा ना. एवढंच सांगा."

सगळा मांडव सरांकडे बघायला लागला. सर अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "नाही बाबा. कोणी आलं नव्हतं. तुझा काहीतरी गैरसमज होतोय."

शिकलेला माणूस, पांढरे कपडे, सौम्य आवाज. समोर बिबट्याला रांगेत उभा करणारा नवल. आता तुम्हीच सांगा, कोणावर विश्वास बसेल? एक म्हातारा म्हणाला, अरे निदान आज तरी खोटं बोलू नको रे. कोणीतरी हसलं. आणि युवराज उठला, नवलच्या दंडाला धरून त्याला मांडवाबाहेर काढलं. ज्या घरात तो वाढला, त्या घरचं त्या दिवशीचं जेवणही त्याला मिळालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी असते. फाशी देणारा परका नसतो, एका ताटात जेवलेला असतो.

त्यानंतर भीमनगरात एक म्हण रुजली. एखादी गोष्ट पोचली नाही, एखाद्यानं सांगून केलं नाही, की लोक म्हणायचे, नवलचा निरोप झाला बघ. लग्नाची पत्रिका पोचली नाही, नवलचा निरोप. ग्रामसेवकाला कळवलं आणि तो आला नाही, नवलचा निरोप. नवलच्या तोंडावर म्हणायचे. दवाखान्यात न्यायला त्याला कोणी हाक मारेना, वाटेत सोडून चहा प्यायला जाशील म्हणायचे. थापा तर त्यानं त्या दिवसापासून बंदच केल्या. गप्प झालेला थापाड्या बघवत नाही हो. उन्हाळा संपायच्या आत त्यानं मोटारसायकल विकली आणि फैजपूरकडे केळीच्या गाड्या भरायच्या कामावर निघून गेला. सविता एकदा युवराजला म्हणाली होती, त्याच्या गुडघ्यांना माती होती त्या दिवशी, टपरीवर बसणाऱ्याच्या गुडघ्यांना माती कशी लागते? युवराज तिच्यावर खेकसला, आणि तो विषय घरात बंद झाला.

पावसाळा उलटल्यावर सरांनी युवराजला जळगावच्या ऑफिसात बोलावून घेतलं. मार्चच्या शांत दिवसांची यादी बाहेरून आली होती, आणि त्या पाचांत लिलाबाई गेली तो दिवसही होता. सर खुशीत होते. म्हणाले, बस इथे कॉम्प्युटरवर, मार्चच्या रेषा साफ करून दे, तुझ्याइतका हात कोणाचा बसत नाही. आणि शेजारच्या खोलीत निघून गेले.

युवराजनं एकेक दिवस घेतला. एक बैलगाडी पुसली. एक ट्रॅक्टर पुसला. मग तो दिवस उघडला. सकाळची रेषा नितळ चढत गेली होती, त्यानं दुर्बिणीतून पाहिली होती तशीच. आणि दुपारच्या अलीकडे रेषा टुणकन उडाली, वर सपाट राहिली, टुणकन खाली आली. मोटारसायकल. त्याचा हात सवयीनं पुसायला गेला आणि तिथेच थांबला. रेषा वर नुसती टेकून खाली आली नव्हती. चहा उकळून, गाळून, पिऊन व्हावा इतका वेळ ती वर होती. इतका वेळ फाटकाशी कोण उभं होतं? त्यानं रेषा पुढे सरकवली. उतरत्या दुपारी पुन्हा तशीच उडी, तशीच उंची. ही सपाटी पहिलीपेक्षाही लांब.

दोनदा वनू व्हतू.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? युवराज तसाच उठून शेजारच्या खोलीत गेला आणि म्हणाला, सर, त्या दिवशी फाटकाशी मोटारसायकल आली होती. दोनदा. खरं सांगायचं तर त्याला वाटलं होतं की सर दचकतील, घाम फुटेल. कुठलं काय! सर विसरले होते. या माणसानं ती गोष्ट लपवून वगैरे ठेवली नव्हती, तो चक्क विसरला होता. विसरला म्हणून तर ती रेषा त्यानं युवराजच्याच हातात दिली. त्यानं चष्मा काढला, आठवल्यासारखं केलं.

"हो, आला होता तो," सर म्हणाले. "मी खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो, युवराज. दार वाजवायला हात उचलला होता. तू आत आकडे घेत होतास."

युवराजनं विचारलं, मग का नाही वाजवलंत?

"वाजवलं असतं तर तू थांबला असतास का?"

"नाही."

"मग," सर म्हणाले. त्यांच्या मते हिशेब तिथे पूर्ण होत होता. मग जरा मऊ होऊन म्हणाले की तू काम उरकून येतोस असं मीच त्याला सांगितलं, मला वाटलं म्हातारी माणसं काढतात दिवस, दुसऱ्यांदा तो पाया पडायला लागला तेव्हा मलाही कसंसंच झालं, पण तोपर्यंत निम्म्याहून जास्त दिवस हातात आला होता. आणि मांडवात एवढ्या लोकांत काय सांगणार होतो मी? जे झालं ते झालं. तेवढे दोन उंचवटे पूस, मार्च पुरा झाला आपला.

आपला म्हणाले. जीभ तरी कशी रेटली असेल?

आता कोणी म्हणेल, युवराजनं टेबल उलथवलं असेल, कॉम्प्युटर फोडला असेल. काही नाही केलं. तो परत जागेवर जाऊन बसला. त्या रेषेचा एक कागद प्रिंटरवर काढला, घडी घालून खिशात ठेवला. मग त्यानं ते दोन उंचवटे पुसले. कडा जुळवल्या. इतक्या सफाईनं जुळवल्या की तिथे कधी कोणी आलं होतं याचा मागमूस राहिला नाही. का पुसले, असं सवितानं नंतर त्याला विचारलं. दुसरं काय करायचं ते त्याला येतच नव्हतं. मान तुकवायची एकदा सवय लागली की मान आपली आपण तुकते.

तिथून तो घरी गेला नाही. फैजपूरची बस धरली. उतरून विचारत विचारत गेला, तर एका बागेच्या बांधावर गाडी भरणं चाललं होतं. नवल केळीचे घड खांद्यावरून आणून वर देत होता. अंगावरचा सदरा चिकानं काळा झाला होता, आणि तो स्वतः पुष्कळ वाळला होता. युवराजला पाहून त्यानं हातातला घड वर दिला, आणि मगच वळला.

युवराजनं कागद उलगडून पुढे धरला. नवलनं हात पुसले पण कागद घेतला नाही. नुसतं वाकून पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे?"

हे काय आहे ते युवराजनं सांगितलं. ही तू पहिल्यांदा आलास त्याची खूण. ही दुसऱ्यांदा. हा तू उभा होतास तेवढा वेळ. यंत्रानं सगळं धरून ठेवलं होतं, नवल, मला आज कळलं. तू खरं बोलत होतास. बोलता बोलता त्या सगळ्या मजुरांसमोर तो नवलच्या पाया पडला. म्हणाला, आपण गावात जाऊ, मी सगळ्यांसमोर सांगतो, मांडवात जितकी माणसं होती तितकी गोळा करतो.

नवलनं त्याला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. रागानं नाही. एखाद्या परक्या म्हाताऱ्याला उठवावं तसं.

"मी वनू व्हतू हाई माले म्हाईत व्हतं, दादा," तो म्हणाला. "मी सांगं तवय तुले पटनं नही. आते यंत्रनी सांगं, तं पटनं."

मी सांगितलं तेव्हा पटलं नाही, आता यंत्रानं सांगितलं तर पटलं. गाडी भरत आली होती. वरचा माणूस नवलला हाका मारत होता. तेव्हा युवराजनं ते विचारलं, ज्यासाठी तो खरा आला होता. वाटभर बसमध्ये तेवढं एकच त्याच्या ओठांवर होतं. माय काय म्हणाली होती? तुझ्या कानात काय सांगितलं तिनं माझ्यासाठी?

नवलच्या तोंडावरून वाटलं की आता सांगेल. ओठ हललेही. लहानपणी एका ताटात जेवताना दोघांच्या मध्ये बसून घास भरवणारी ती बाई त्या क्षणी दोघांनाही आठवली असणार. मग त्याची नजर युवराजच्या हातातल्या कागदावर गेली, आणि त्यानं ओठ मिटले.

"ते बी तुन्हा यंत्रले इचार," नवल म्हणाला.

तो गाडीवर चढून घडांवर बसला. गाडी बांधावरून खडखडत रस्त्याला लागली आणि सावद्याच्या दिशेनं गेली. युवराजनं कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. दुसरा उंचवटा निरोपाचा होता. तो चांगला लांब होता, आणि वर अगदी सपाट होता.